नाकाचं छत

माझं अक्षर वाकडं आहे आणि वेलांट्या कुठेही पडतात, ते चालवून घ्यावं. शाळा चौथीतच सुटली.

बंगळुरूत एचएसआर भागात मी दोन घरी पोळ्या करते. मागच्या वर्षी कणीक मळायला वाकलं की डाव्या नाकपुडीतून पाणी टपकायचं. सर्दीसारखं चिकट नाही, अगदी स्वच्छ. कणकेत पडलं तर काम जाईल, म्हणून मी रुमाल बांधून काम करू लागले. एका घरच्या ताई पुण्याच्या, त्यांनी विचारलं, "रुमाल कशाला? बँक लुटायचीय?" मग सांगावंच लागलं. त्यांनी मला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नाकात बारीक नळी घातली. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, समोर टीव्हीवर माझं नाक. आत इतकी जागा असेल असं वाटलं नव्हतं. बाजूच्या भिंतीवर गुलाबी करंज्या एकीखाली एक लावाव्यात तशा घड्या होत्या. "या भिंतीपलीकडे डोळा, मध्ये कागदाएवढं हाड," डॉक्टर म्हणाले. नळी वर गेली. "हे नाकाचं छत. याच्यावर मेंदू. वासाच्या शिरा खाली याव्यात म्हणून इथे चाळणीसारखी भोकं असतात." तिथेच एक थेंब चमकत होता. मेंदूभोवतीचं पाणी गळत होतं. तसंच राहिलं तर जंतू वर चढतात म्हणे.

माझा चेहरा पाहून ताई म्हणाल्या, "पाणी गळतंय, मेंदू नाही. पोळ्या येतील तुला."

डॉक्टरांनी विचारलं, "शिंका दाबता का?"

दाबतेच. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी बसली की मी नाक चिमटीत धरून शिंक गिळते. मोठ्याने शिंकायची लाज वाटते.

"त्यानेच झालं असं नाही. पण ऑपरेशन करून छताला ठिगळ लावावं लागेल, त्यानंतर दाबलीत तर ते उडेल."

ऑपरेशन नाकातूनच झालं. मांडीतली थोडी चरबी आणि पातळ पडदा काढून छताला आतून ठिगळ लावलं. आमच्याकडचे पैसे पुरले नाहीत, उरलेले ताईंनी भरले आणि पगारातून कापायचं ठरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटायला आलेल्या माणसांनी वॉर्ड भरलेला असताना शिंक आली. हात आपोआप नाकाकडे गेला. नर्सने तो धरला. "अक्का, तोंड उघड. लाज नंतर."

मी अशी शिंकले की सगळ्यांनी वळून पाहिलं. शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, "सरी," म्हणजे कानडीत ठीक, "माझी झोप गेली."

मी पडून नाकाखाली बोट लावून पाहत राहिले. कोरडं होतं.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा टीव्हीवर दाखवलं. ठिगळ गुलाबी होऊन भिंतीत मिसळलं होतं. ते कुठलं, हेही मला ओळखता आलं नाही.

आता मी वाकून कणीक मळते. फोडणी बसली की तोंड उघडून शिंकते, आणि ताई ऑफिसच्या कॉलवर असल्या तर माइक बंद करून ओरडतात, "दार लाव गं आधी."

या पगारात शेवटचे पैसे कापले गेले. ताईंचं माझ्याकडे आता काही निघत नाही.