मामाजींची जाड कादंबरी

जाड पुस्तकावर माझ्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम करणारा आणि त्याच पुस्तकावर चांभाराची रापी चालवून त्याचे तुकडे करणारा दुसरा माणूस अख्ख्या पृथ्वीवर सापडायचा नाही. मामाजींनी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. पोरांना ते आलं नाही ते नाहीच, मामाजींना मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्यांचं वेड लागलं आणि ते कायमचं अंगात मुरलं. राणीच्या आधीचं त्यांना कच्चं वाटे आणि राणीच्या नंतरचं शिळं. "त्या लोकायले घाई नव्हती, सूनबाई," ते मला सांगत. "पावना आला का त्याचा कोट उतरवाले दोन पानं लागत. आता पावना येते, उभ्या उभ्या मोबाइल पायते अन् चालला जाते." मामी गेल्यापासून त्यांच्याकडे पाहुणेही फार येत नसत. पण ते असं बोलत की जणू तक्रार दुसऱ्याच कुणाची आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनमंडळ काढलं. बैठक बाजाराच्या दिवशी, त्यांच्या घरापुढच्या छपरीत, कारण त्या दिवशी सगळ्यांचेच पाय कशा ना कशासाठी गोरेगावाकडे वळतात. मी गोंदियाहून एसटीनं जायची, औषध दुकानवाले भाऊ कामठ्याहून मोटारसायकलीवर येत, गोंदियाच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आपल्या गाडीतून उतरत, आणि गावातले चार-पाच मास्तर-मास्तरणी भाजीच्या पिशव्यांसकट येऊन बसत. धान घरात आलं की कादंबरी निवडायची आणि पावसाळ्यातल्या रोवणीच्या आधी ती संपवायची, असा शिरस्ता. प्रत मात्र एकच. मामाजी ती रापीनं कापत, प्रत्येक भाग तांदळाच्या पोत्याच्या दाभणानं शिवत आणि दर बाजाराला एक नवा भाग हाती देत. वाचून झालेला भाग शेजारच्याकडे सरकवायचा. उरलेली कादंबरी मामाजींच्या लोखंडी पेटीत कुलपात. मी एकदा म्हटलं, सगळ्यांनी एकेक प्रत का घेऊ नये? तर म्हणाले, "सगळ्यायच्या घरी पुस्तक असलं तर माह्या घरी कोन येते?"

या पद्धतीत पुढचा भाग वाचलेल्यानं तोंड उघडायचं नाही, हा पहिला आणि शेवटचा कायदा होता. कामठ्याला एका लग्नात आम्ही एकाच पंगतीत बसलो होतो. औषधवाले भाऊ वाचनात आमच्या एक भाग पुढे होते आणि जिलबीच्या भरात बोलून गेले, "त्या पोरीचा काका तं पुढं..." एवढंच. मामाजींनी वरणभातानं माखलेला हात तसाच उचलून त्यांचं तोंड गच्च दाबून धरलं. नवरदेवाकडची माणसं मारामारी समजून धावत आली. भाऊंच्या नव्या सदऱ्यावरचा पिवळा डाग काही निघाला नाही, पण तो काका त्या दिवसापुरता तरी वाचला.

निवड करताना त्यांची परीक्षा एकच. पुस्तक छपरीतल्या फरशीवर उभं करायचं आणि पंखा सुरू करायचा. आधाराशिवाय उभं राहिलं तर पास. "जे आपल्या पायावर उभं राहात नाही, ते आपल्याले सहा महिने काय पोसन?" असं ते म्हणत. नियमाप्रमाणे शेवटी हात वर करून मतदान होई, पण इतक्या वर्षांत पंख्याच्या निकालाविरुद्ध कुणी गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र सगळे त्याविरुद्ध गेले. त्याआधी दिवाळीला मामाजींचा मुलगा हैदराबादहून आला होता. म्हातारपणी एकट्यानं राहणं पुरे, असं त्याचं म्हणणं, आणि ते चूक होतं असं मीही म्हणणार नाही. त्यानं सगळ्या मंडळासमोर बापाकडून वदवून घेतलं, की या वर्षीची कादंबरी संपली की घराला कुलूप लावून हैदराबादला यायचं. मामाजी हसून "बरं" म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात ते नागपूरला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आजवरची सगळ्यांत जाड कादंबरी घेऊन आले. पंखाच काय, वादळ आलं असतं तरी ती हलली नसती. रोवणीच नव्हे, पुढची दिवाळीही तिनं सहज गाठली असती. निवड होण्याआधीच त्यांनी ती कापून, शिवून तयार ठेवली होती. इतका त्यांचा आमच्यावर भरवसा.

निवडीच्या दिवशी प्राध्यापकांनी खिशातून, हो, खिशातून, एक पुस्तक काढलं. "सर, ये भी रानी के टाइम की ही है. दीडशे पानं. टाइम किसके पास है आजकल?" पुस्तक उभं केलं, ते पडलं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. सगळे हसले आणि हसत हसतच हात वर झाले. जाड कादंबरीसाठी माझा एकटीचा हात होता. औषधवाल्या भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पिशवीतल्या मेथीकडे. यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण काय ठरवतो आहोत. म्हाताऱ्याला गावाबाहेर काढायला यांना दीडशे पानं पुरली, आणि वर चहाही त्याच्याच घरचा प्यायले. मला आजही त्या चहाचा राग येतो.

मामाजी एवढंच म्हणाले, "बहुमत हाय. बरं हाय." मग ते कामाला लागले. त्यांनी त्या पातळ पुस्तकाचे इतके बारीक भाग कापले की एकेकात जेमतेम तीन-चार पानं यायची. शिवायला दाभण मोठं पडलं, म्हणून मामींच्या डब्यातली साधी सुई काढली. प्राध्यापक भाग हातात घेऊन हसले, "सर, ये तो चने की पुड़िया हो गयी." कुणी वाचून परत आणलं की मामाजी म्हणत, "अजून एकदा वाच ना बाप्पा, कायले घाई करून राहिला?"

संक्रांतही आली नव्हती. एका बाजाराच्या दिवशी प्राध्यापक गाडीतून उतरले आणि छपरीत पाय ठेवता ठेवताच त्यांनी सांगून टाकलं, की पूर्ण पुस्तक आपण मोबाइलवर वाचून काढलं आणि नायक शेवटी बोटीत बसून परदेशी जातो. आम्ही सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. मी तर उठायच्याच बेतात होते, कारण पुन्हा कामठ्यासारखं काहीतरी होणार असं वाटलं. पण यावेळी मामाजींनी हात उचललाच नाही. त्यांनी पेटी उघडली, उरलेले सगळे भाग काढून एकेकाच्या हातात दिले आणि म्हणाले, "संपलंच तं मंग. मी सामान बांधाले घेतो."

मंडळ आता मोबाइलवरच्या ग्रुपात आहे. प्राध्यापक तिथे रोज सकाळी फुलांचं चित्र टाकतात आणि बाकीचे हात जोडतात. पुस्तकाचं नाव कुणी काढत नाही. बाजाराच्या दिवशी गोरेगावला गेले की मी त्या घरावरून जात नाही, मागच्या गल्लीनं जाते.

निघताना मामाजींनी जाड कादंबरीची थैली माझ्या हवाली केली. "शेवटचा भाग माह्याजवळ हाय, सूनबाई. तिथवर पोचली का फोन करजो, पोस्टानं पाठवतो. मीबी नाही वाचला तो." मी दर बाजाराला एक भाग वाचते आणि संध्याकाळी त्यांना फोन करते. फोन लगेच उचलला जातो. मग त्या गोष्टीतल्या माणसांना आम्ही दोघं मिळून यथेच्छ शिव्या देतो.

थैलीत आता थोडेच भाग उरले आहेत. परवा त्यांनी विचारलं, कुठवर आली? वाचून झालेला भाग माझ्या मांडीवरच होता. मी म्हटलं, "नाही ना मामाजी, या बाजाराला जमलंच नाही. मागचाच पुन्हा वाचून राहिली."

"वाच, वाच," ते म्हणाले. "काही घाई नाही."