पाकिटामागची बारीक अक्षरं

भिंगकाकांना हे नाव छापखान्यानं दिलं. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग डोळ्याला लावायचं, खाण्याच्या पाकिटांवरचे रंग तपासायचे आणि लाल रंग केसभर जरी सरकला तरी अख्खी मशीन थांबवायची, हे त्यांचं बत्तीस वर्षांचं काम. नवे कामगार त्यांच्या वाऱ्याला उभे राहत नसत. घरी मात्र त्यांचं काही चालायचं नाही. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावरही तिचा आवाज असा खणखणीत, की तिनं आतून "अहो, दार लावा!" म्हटलं की शेजारचेसुद्धा आपलं दार ओढून घेत.

तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि आधी तो आवाज गेला. मग वजन उतरू लागलं. जखम भरून येईना. डॉक्टरांनी बजावलं, "पोटात प्रोटीन गेलं पाहिजे. काहीही करा, पण खायला घाला."

सांगणं सोपं होतं. तिला अन्नाचा वासच सहन होईना. अंडं समोर आणलं की ती मान फिरवी, चिकन सुपाचं झाकण उघडलं तरी तिला उमासे येत. भिंगकाकांनी जिवाचं रान केलं. ते कधी गॅसजवळ गेले नव्हते, ते आता शेजारणीला विचारून विचारून काहीबाही शिजवत आणि संध्याकाळी तसंच्या तसं टाकून देत.

एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये त्यांना ओळखीचं पाकीट दिसलं. नांग्या पसरून बर्फावर बसलेला लालभडक खेकडा. त्यांच्याच मशीनवरून निघालेला. ते पाकीट घरी आलं. आत लाल-पांढऱ्या मऊ कांड्या, थंडगार, जवळजवळ बिनवासाच्या. तिनं एक तुकडा तोडला, जरा थांबली आणि म्हणाली, "ही जाईल." मग दुसऱ्या कांडीकडे हात केला. भिंगकाका तोंड धुवायच्या निमित्तानं उठले आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मग रोज एक पाकीट, शंभर ग्रॅम. काकांनी वाचनालयात जाऊन आहाराचं पुस्तक काढलं. खेकडा : शंभर ग्रॅममागे प्रोटीन एकोणीस ग्रॅम. पाकीट संपलं की ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात १९ लिहायचे.

"आज पुन्हा एकोणीस!" ते पोराचे मार्क सांगावेत तसे सांगत.

"मग? पास का मी?"

"पहिला नंबर."

पाच आठवडे असे गेले. वजन काही चढलं नाही, उलट पावलं सुजली. काका चक्रावले. त्यांनी कॅलेंडरची पानं गुंडाळून घेतली आणि इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंना गाठलं. बाई कसली, नुकतीच शिकून आलेली मुलगी होती.

"काका, हे एकोणीस कशाचे?"

त्यांनी खिशातून रिकामं पाकीट काढून टेबलावर सपाट केलं. मुलीनं ते उलटं केलं, वाचलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यात खेकडा नाहीये, काका."

"अगं, चित्र बघ ना."

"चित्र आहे, खेकडा नाही. हे पांढऱ्या माशाचं मांस. ते धुतात, वाटतात, त्यात स्टार्च, साखर, अंड्यातलं पांढरं आणि मीठ घालतात. वास खेकड्याचा देतात, रंग वरून लावतात. ह्यात शंभर ग्रॅमला प्रोटीन सात ग्रॅम, आणि स्टार्च-साखर त्याच्या दुप्पट. शिवाय मीठ भरपूर. पाय सुजायला तेही कारण असेल. वाईट नसतं हे, पण त्यांना पुरेसं नाही. इथे मागे लिहिलंय बघा."

काकांनी सवयीनं भिंग लावलं. अक्षरं स्वच्छ होती, एकही फुटलेलं नव्हतं. हीच अक्षरं वर्षानुवर्षं त्यांच्या नजरेखालून गेली होती. दरवेळी त्यांनी ती तपासली होती. वाचली एकदाही नव्हती.

"बंद करा हे," मुलगी म्हणाली. "ह्यानंच पोट भरतंय त्यांचं. भूक लागली की प्रोटीनची पावडर घेतील, अंडं खातील."

त्यांनी बंद केलं. काका काम करायचे ते चोख.

"कांडी द्या ना," दुसऱ्या दिवशी बायको पुटपुटली.

"अगं, खोटी आहे ती. खेकडाच नाही तिच्यात!"

"मला कुठे खेकडा हवाय? मला कांडी हवीय."

पावडरचा पेला हातात धरून काका उभे होते. "दोन घोट घे, मग देतो."

तिनं डोळे मिटून, मोठ्या कष्टानं दोन घोट घेतले आणि हात पुढे केला. काकांनी त्या हातात पुन्हा पेलाच दिला. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर तिनं कधी मागितलं नाही. पावडरही धड घेतली नाही.

सतरा दिवस असे गेले. अठराव्या दिवशी ताप चढला आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. "आता पथ्य नको. त्यांना आवडेल ते द्या."

काका त्या वयात धावत दुकानात गेले. कांडीचा एवढासा तुकडा त्यांनी तिच्या ओठांना लावला. तिनं तो ओळखला, हे त्यांना दिसलं. ओठ हलले, पण गिळता आलं नाही. काकांनी बोटानं तो तुकडा बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दोन महिन्यांनी ते तिचा वॉकर परत करायला इस्पितळात गेले, तेव्हा ती मुलगी जिन्यात भेटली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना, काका."

"ते सतरा दिवस तिला कांड्या द्यायला हव्या होत्या का?"

"त्यानं काकू वाचल्या नसत्या, काका. आजार फार पुढे..."

"ते डॉक्टरांनी सांगितलंय. मी ते विचारत नाहीये."

मुलीनं कठडा धरला. "हो," ती शेवटी म्हणाली. "द्यायला हव्या होत्या. जोडीला बाकीचं वाढवायचं होतं, कांड्या काढायच्या नव्हत्या. मी आकडे बघितले, त्यांना बघितलंच नाही. चुकलं माझं." तिचे डोळे भरून आले.

काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू एकदाच सांगितलंस, पोरी. रोज नाही म्हणणारा मी होतो."

बाहेर येऊन ते बसथांब्यावर बसले. त्यांच्या नंबरच्या दोन बस समोरून निघून गेल्या. तिसऱ्या बसच्या कंडक्टरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "आजोबा, यायचंय का?"

ते चढले, घरापर्यंतचं तिकीट काढलं, आणि खिडकीकडे तोंड करून, भरल्या बसमध्ये, कुणाचीही लाज न बाळगता रडले.