हितं पाय ठरत न्हाय

"तू तितंच थांब, बाय. हितं पाय ठरत न्हाय."

सरांनी हे वाक्य भरल्या वर्गात दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हेल काढून, तमाशातल्या सोंगाड्यावानी. वर्ग हसला. पुढच्या बाकावरच्या पोरींनी तोंडाला रुमाल लावले.

ते वाक्य माज्या मेलेल्या बहिणीचं व्हतं. तिचं शेवटचं.

बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला व्हते मी. गाव निरवांगी. घरात मेंढरं. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मीच पयली. मराठीच्या सरांनी फळ्यावर वाङ्मयप्रकार लिवले. कथा, कादंबरी, नाटक, कविता. मग कथेचे घटक. कथानक, पात्रं, वातावरण, संवाद, निवेदन. म्हणाले, हे सगळं घालून एक कथा लिहून आणा. मला वाटलं, माज्याकडं एक हाय. ल्हानपणापासनं छातीत धरून बसलेली.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. उघड्या पडलेल्या रानावर कोवळं गवात उगवतं. आबा, म्हंजी माजा बाप, तितं मेंढरं उतरवायचा. त्या दिवशी राखायला मी आन् थोरली आक्का, दोघीच. एक कोकरू पाण्याच्या कडंला गाळात रुतलं. आक्का त्याला काढायला गेली. गाळ वरनं वाळलेला, आतनं निसता लोणी. गुडघ्यापत्तुर गेली. मंग कंबरंपत्तुर. मी तिच्याकडं पळाले. तवा ती तसं बोलली. वरडली न्हाय. हळू बोलली. मी थांबले. तिच्या पायाखालचा गाळ सरकला आन् ती पाण्यात गेली.

मी थांबले म्हणून मी हाय.

हे समदं मी आमी बोलतो तसंच लिवलं. सर म्हणाले, "मेंढरासाठी कुणी जीव देतं का? पात्राच्या वागण्याला कारण लागतं. आणि ही भाषा पात्राच्या तोंडी शोभते, निवेदकाच्या नाही."

मी खाली बघत बसले. ही गोष्ट खरी हाय, एवढंबी तोंडातनं निघंना.

त्या दिवसापासनं एक वाईट झालं. आदी आक्का सपनात यायची, ती तिच्या आवाजात बोलायची. आता तोंड तिचं, आवाज सरांचा. तोच हेल. मागनं वर्गाचं हसणं. जागेपणीबी तेच, एसटीत, नळावर, कुठंबी. डोळं मिटून लई आठवलं. आक्काचा आवाज आठवंना.

वर्साच्या शेवटाला सरांनी बोलावलं. शिक्षकांच्या खोलीत चार-पाच जण चहा पीत व्हते. माजे कागद सरांच्या हातात, लाल शाईनं भरलेले.

"कॉलेजच्या अंकात घेऊ आपण ही. लोककथा विभागात. भाषा मी नीट केली आहे. खाली 'संकलन' म्हणून तुझं नाव."

"लोककथा कशी, सर? मी लिवलीय."

"अगं, तुमच्यात अशा गोष्टी चालत आलेल्या असतात. त्यात कमीपणा काय?"

तुमच्यात.

मी कागद बघितला. सरांनी केलं व्हतं, "तू तिथेच थांब, ताई. येथे पाय ठरत नाही." मला ताई! थोरली ती. मला बाय म्हणायची. बाय.

कागद मी सरांच्या हातातनं वडून घेतला.

"ही माजी बहीण हाय. उजनीत मेली. ही मी लिवलीय. मी देत न्हाय."



"आधी का नाही सांगितलंस?" सर म्हणाले.

"खरी म्हणून सांगितली आसती तर तुमी समदे हसला नसता. गोष्ट म्हणून दिली, तवा हसला."

सरांचं तोंड उतरलं. मग कडक झालं. "अंकात जाणार नाही मग."

"नगं जाऊ दे."

कागद घिऊन मी जिना उतरले. माफी कुणी मागितली न्हाय. आक्काचा आवाजबी परत आला न्हाय.

पर सरांचा एक सवाल माज्या मागं लागला. कारण. मेंढरासाठी कुणी जीव देतं का?

कारण व्हतं. मीच ते लिवलं नव्हतं. आदल्या बाजाराला एक मेंढरू हरवलं, तवा आबानं आक्काला काठीनं फोडली व्हती. "पुन्ना एक जरी कमी झालं तर घरला येऊ नगंस," म्हणाला व्हता. ती भिऊन गाळात उतरली. घरात समद्यांना म्हाईत, पर कुणी बोलत न्हाय.

सुट्टीत गावाला गेले. आईला म्हणले, मी हेबी लिवणार. आई भाकरी थापत व्हती. हात थांबला.

"गेलेली माघारी येती का? बापाचं नाव कशाला घालवतीस?"

"आय, तिला कुणी मारलं ते सांगाय नगं?"

 भाकरी तव्यावर करपली.

बाहेर आबा मेंढरांना पाणी दावत व्हता. आता म्हातारा झालाय. मला तो लई जीव लावतो. त्याला वाचाय येत न्हाय, पर कुणीतरी वाचून दावंल. दावू दे. सरांनी माजी बहीण पुसाय बघितली, तवा मी कागद वडून घेतला. घरात तिला पुसत्यात, तवा गप बसू?

न्हाय. आबा जित्ता आसतानाच लिवणार. काठीसकट.