न विचारता उघडलेली वीणा

घोडेगावात जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करणारी बाई म्हणजे सविता. मोटार कसलीही असो, तिच्या ओसरीवरून चालू होऊनच परत जायची. तिला धास्ती होती ती फक्त सासूच्या, भागूबाईंच्या वीणेची.

वीणा त्यांच्या वडलांची. भोपळ्याला बोटभर तडा, खुंट्या घसरणाऱ्या. दोन अभंगांत चारदा सूर लावावा लागे. गेल्या महिन्यात देवळातल्या भजनात तर लाऊडस्पीकरपुढं ती कुणाला ऐकूच गेली नाही. तरी भागूबाईंचं एकच, "मी हाय तवर हिला कुनी हात लावायचा न्हाई."

त्या डोळे दाखवायला नगरला गेल्या, त्या दिवशी सवितानं हात लावला.

खुंट्या काढून तिनं गिटारच्या दातेरी चाव्या बसवल्या. आवाज स्पीकरला पोचवणारा नाण्याएवढा पिकअप आत चिकटवायचा, तडाही आतूनच भरायचा; म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली उघडणं आलं. तिनं सुरी तापवून जुन्या सरसात हळूहळू सरकवली. अर्धी तबली सुटली आणि कट्कन आवाज झाला. तडा थेट बुडापर्यंत धावत गेला.

कशीबशी तबली सोडवून सवितानं पिकअप चिकटवला, फेविकॉलात लाकडाचा भुसा कालवून तडा भरला आणि भोपळा दोन्ही हातांनी आवळून धरला. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. डॉक्टर रजेवर होते. भागूबाई तशाच परतल्या होत्या.

सविता उठली नाही. हात सोडले असते तर सांधा उघडला असता.

"आत्याबाई, चुकलं माझं. पन आता सोडता यायचं न्हाई."

"इच्यारलं का न्हाईस?"

"तुमी न्हाईच म्हनला असता."

"व्हय. न्हाईच म्हनले असते."

भागूबाई खाली बसल्या आणि दुसऱ्या बाजूनं भोपळा दाबून धरला. नंतर सुतळीनं आवळलेला भोपळा त्यांनी तीन दिवस स्वतःच्या उशाशी ठेवला, सविताला शिवू दिला नाही.

चौथ्या दिवशी तबली चिकटवली आणि ती वाळल्यावर तारा चढवल्या. एकेक चावी पिळताना सविता भोपळ्याला कान लावत होती. ताण सोसला नाही तर भोपळ्याची दोन शकलं. भोपळा टिकला. सूरही हलेना. भागूबाईंनी तार छेडली, डोळे मिटून ऐकलं.

"आवाज बदलला गं. बाच्या येळचा न्हाई ऱ्हायला."

पुढच्या भजनाला त्यांनी स्पीकरची वायर स्वतःच्या हातानं वीणेला जोडली. मागच्या पायरीवरच्या बायांनाही वीणा ऐकू गेली. घरी येताना वाटेत सवितानं भीत भीत विचारलं, "पिकअप काढून बघू का? आवाज थोडा पयल्यासारखा झाला तर..."

"नगं," भागूबाई म्हणाल्या. "आता ह्योच."