चाखूआप्पांचं ‘बरं शे’

चाखूआप्पा गव्हाचे पाच दाणे तोंडात टाकायचे आणि समोरचा शेतकरी या पायावरून त्या पायावर व्हायचा. दाणे चावून त्यांचा चिकट गोळा होईपर्यंत आप्पा बोलत नसत. मग तो गोळा त्याच्या पायाशी थुंकत. “हाऊ गहू नही, भुसा शे,” एवढं म्हटलं की त्याचा गहू त्या साली गावात कोणी बियाण्याला घेत नसे.

आप्पा म्हणजे माझे सख्खे मोठे काका. शहाद्याच्या बाजूला तापीकाठी आमचं गाव. लग्नात वरण-बट्टीची पहिली वाटी आचारी त्यांच्याकडे घेऊन यायचा. कुणी अक्कलकुव्याकडून महूची, म्हणजे मोहाच्या दारूची, बाटली आणली तरी हाक आप्पांनाच. ते घोट तोंडात घोळवायचे, थुंकायचे आणि नावं ठेवायचे. पोटात थेंब जाऊ देत नसत. “जो गिये त्यानी जीभ इकेल ऱ्हास,” असं त्यांचं म्हणणं. गिळणाऱ्याची जीभ विकलेली असते, हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की पाणी पितानासुद्धा मला अपराधी वाटायचं.

त्यांचा सगळ्यात मोठा निकाल माझ्या आईवर लागला होता. नव्या नवरीचा पहिला स्वयंपाक, ओसरीवर पाहुण्यांची पंगत. आप्पांनी वरणाचा एक घास घेतला, ताटावरून उठले, वाटी गोठ्यात नेली आणि म्हशीच्या गव्हाणीत ओतली. परत येऊन म्हणाले, “ढोरेस्ना तोंडनं शे.” पाहुणे हसले. आई दाराआड उभी होती. आमच्याकडे धाकटी सून जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही, त्यामुळे तिने उत्तर देण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर तीस वर्षं ती वरण तळहातावर तीनतीनदा चाखून मग वाढायची.

एवढं असूनही मी आप्पांचाच चेला निघालो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुण्यात मी एका छोट्या ब्रुअरीत गव्हाची बियर बनवतो. आलेल्या पोत्यातले दाणे चावून बघतो आणि पसंत पडलं नाही तर पोतं परत पाठवतो. माझ्या बियरला बक्षीसही मिळालंय. पण मला हवा होता आप्पांचा शब्द. त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘बरं शे’, आणि ती मी उभ्या जन्मात कुणाला मिळालेली पाहिली नव्हती.

कोरोनात काकू गेल्या. आप्पा तापातून उठले, पण एकटे पडले. आई त्यांचं ताट घेऊन जायची, चौकटीपाशी ठेवायची आणि दाराकडे तोंड करून म्हणायची, “आज मीठ कमी पडनं.” थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, वरण अळणी आहे म्हणून. बायको गेली तरी म्हातारा मऊ झाला नाही, असं मला वाटायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आपल्याच शेतातल्या गव्हाची बियर घेऊन गावी गेलो. ओट्यावर दहाबारा माणसं जमली. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की ही बियर गढूळच असते, वास पिकल्या केळ्याचा येतो, मागून लवंग, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित कडू लागतं, म्हणून ही गिळल्याशिवाय कळत नाही. आप्पांनी स्टीलचा पेला हातात घेतला, घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिळला. मग डोळे मिटून ओठ पुसले.

“केयना वास येस. मांगून लवंग. मंग कडू,” ते म्हणाले. “बरं शे.”

मला रडू येईल असं वाटलं. मी माझा पेला तोंडाला लावला आणि घोट तसाच बाहेर थुंकला. बूच सैल राहिलेली बाटली गाडीच्या डिकीत चार दिवस तापून आंबून गेली होती. निव्वळ व्हिनेगर. आप्पांनी मला माझंच भाषण परत ऐकवलं होतं. तापाने त्यांची चव नेली होती आणि वास नेला होता, हे त्या एका क्षणात मला कळलं.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी आत गेलो, पाण्यात चमचाभर कणीक आणि मूठभर मीठ कालवलं, वर बियरचा थोडा फेस ओतला आणि तो पेला आप्पांच्या हातात दिला. म्हटलं, ही दुसरी, खास तुमच्यासाठी. आप्पांनी घोट घेऊन गिळला. “हाई पहिलीपेक्षा गोड शे,” ते म्हणाले. मी तोच पेला शेजारच्या बापूंना दिला. बापूंनी तोंड वाकडं करून ओट्याखाली थुंकलं आणि त्यात काय आहे ते मोठ्याने सांगितलं. ओटाभर हशा पिकला. आप्पाही एकदा हसले. मग त्यांनी पेला हळूच खाली ठेवला आणि भिंतीला धरत घरात गेले.

मला वाटलं, आईच्या त्या वाटीचा हिशेब मी चुकता केला. चुलीपाशी जाऊन तिला तसं म्हणालोही.

“माले ठाऊक व्हतं. तापपासून ठाऊक व्हतं,” आई म्हणाली. “तीस वरीस मी त्यास्नं ऐकं. आते त्या मन्हं ऐकेत. मी सांगू तेच बोलेत. तू ते बी लई लिधं.” आता कुठे ते तिचं ऐकत होते, ती सांगेल तेच बोलत होते, आणि तेवढंही मी तिच्याकडून हिरावून घेतलं होतं.

पुढे आठ महिने ती ताट ठेवताना दाराला मीठ सांगत राहिली. आतून काही उत्तर आलं नाही. आप्पा मुकाट जेवत, आणि लग्नाकार्यात आचाऱ्याची वाटी आली की तोंड फिरवून घेत. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे पाठ करून झोपेचं सोंग घेतलं. थंडीत ते गेले.

तेराव्याला पंगत बसली. आईने माझ्यासमोर वरणाची वाटी ठेवली आणि उभी राहिली. “कसं शे?” तिने विचारलं. आजवर तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं. मी घास घेतला. मिठाचा कणही नव्हता.

“बरं शे,” मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं. वाकून माझ्यासमोरची वाटी उचलली, भरल्या पंगतीतून चालत गोठ्यात गेली आणि म्हशीच्या गव्हाणीत ओतून आली.