गाडी थांबते, गाडी बंद पडते

"माय कार स्टॉप्स," मी म्हणाले.

"आय शुड होप सो," काउंटरमागचा माणूस म्हणाला.

शोरूमच्या सर्व्हिस काउंटरपाशी माझ्यासह सहा माणसं उभी होती. पाच हसली. एकाच्या हातातली कॉफी हिंदकळली आणि तो हसत हसतच बुटावरचे थेंब पुसायला वाकला. काउंटरमागच्या माणसाच्या शर्टावर त्याचं नाव शिवलेलं होतं. डग. त्याचं काम ग्राहकाचं म्हणणं ऐकून ते मेकॅनिकसाठी कागदावर उतरवण्याचं. तो स्वतः हसला नाही. विनोद करणाऱ्याने हसायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं.

मग सहावं माणूस हसलं. ते मी.

हे आधीच सांगून टाकते. पुढे इतरांबद्दल जे लिहिणार आहे, त्यात मला सूट नाही.

गाडी नवी कोरी घेतलेली. तीन महिन्यांची. चालता चालता तिचं इंजिन बंद पडायचं. आधी आवाज नाही, सूचना नाही. समोर लाल दिवे लागायचे, स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं, आणि गाडी उरलेल्या वेगावर थोडी घसरत जाऊन रस्त्याच्या मधोमध मरायची. मराठीत याला दोन शब्द पुरतात. गाडी बंद पडते म्हटलं की भाजीवाल्यालाही इंजिन ऐकू येतं. मी त्या दोन शब्दांचं भाषांतर केलं आणि इंजिन मराठीतच राहून गेलं.

मी सांगलीच्या एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होते. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्याचा पगार घेत होते. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आल्यावर ते काम संपलं. इथे मी होमकेअरमध्ये आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवते, आंघोळ घालते, गोळ्या देते. दिवसाला सहा घरं, बंदराच्या अलीकडे आणि पलीकडे. स्वतःची चालती गाडी ही नोकरीची अट आहे. गाडी नाही तर घरं नाहीत.

त्या दिवशी डगने कागद छापून पुढे केला. वरची ओळ : ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी थांबते. तासाभराने मेकॅनिकची ओळ तिच्याखाली आली : ब्रेक तपासले, गाडी व्यवस्थित थांबते.

मी दोन्ही ओळी वाचल्या. दोन्ही चूक होत्या, हे मला कळलं. अशी ओळ मी रात्रपाळीच्या शिकाऊ वार्ताहराकडूनही घेतली नसती. पण मागे रांग होती. मी सही केली.

चुकलेला शब्द मला मार्जने दिला. मार्ज माझी बंदरापलीकडची, डार्टमथमधली पेशंट. ब्याऐंशी वर्षांची. तीस वर्षं स्कूल बस चालवलेली बाई. आता तिला न्हाणीतल्या खुर्चीवरून एकटीला उठता येत नाही. मी तिच्या पाठीला साबण लावत होते आणि काउंटरवरचा विनोद सांगत होते, हसण्यासारखा म्हणून. ती हसली नाही.

"हनी, यू स्टॉप. द कार स्टॉल्स," ती म्हणाली.

थांबतेस ती तू. बंद पडते ती गाडी. कर्ता चुकला की बातमी चुकते, हे मी अकरा वर्षं नव्या पोरांना शिकवलं होतं. मला ते साबणाच्या पाण्यात उभं राहून पुन्हा शिकावं लागलं.

दुसऱ्या खेपेला मी "स्टॉल" म्हणाले.

"ओह, आता स्टॉल होते का?" डग म्हणाला. "मागच्या वेळी तर थांबत होती."

त्याने नवी तक्रार म्हणून नोंद केली. मेकॅनिकने बॅटरीची जोडणी घट्ट केली. मी सही केली.

तिसऱ्या खेपेला डगने विचारलं, "तुमचे मिस्टर चालवतात का ही गाडी? त्यांना काही जाणवलं?" नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरूनच काम करतो. आठवड्यातून एकदा ग्रोसरीला गाडी नेतो. त्याला घेऊन गेले. मी जे दोनदा सांगितलं होतं तेच तो एकदा म्हणाला. कागदावर आलं : ग्राहकाच्या म्हणण्यानुसार इंजिन कधी कधी बंद होते, पतीने दुजोरा दिला.

क्रियापदं बघा. बाई म्हणते. पुरुष दुजोरा देतो. मी रोज सहा घरं करते, पण साक्षीदार तो. परतताना नवरा म्हणाला, "निदान या वेळी त्यांनी सिरियसली घेतलं." मी त्याच्याकडे बघितलं. तो विंटर टायर्सबद्दल बोलू लागला.

त्यांनी गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. मी सही केली.

जानेवारीत गाडी बंदरावरच्या पुलाच्या मधोमध बंद पडली. सकाळी पावणेनऊ. मागे मालाचा ट्रक होता. त्याच्या ब्रेकचा आवाज मी ऐकला, मग आरशात फक्त त्याचं नाक दिसत होतं. आरशात दुसरं काही मावत नव्हतं. खाली पाणी. पुलावरच्या गस्तीच्या गाडीने मला ढकलत पलीकडे नेलं. गस्तीचा माणूस शांत होता. "धिस हॅपन अ लॉट?" त्याने विचारलं. इतक्या महिन्यांत तो पहिला माणूस, ज्याने प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहिली.

मार्जकडे पन्नास मिनिटं उशिरा पोचले. ती पलंगाच्या कडेला बसून होती. चादर ओली होती. ती खिडकीकडे बघत राहिली. मी चादर बदलली. दुपारी सुपरवायझरचा फोन आला : आणखी एकदा असं झालं तर घरं काढून घ्यावी लागतील.

चौथ्या खेपेला त्यांनी गाडी दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशीचा कागद : दोष पुन्हा घडवून पाहता आला नाही. ग्राहकाला चालवण्याच्या सवयींबाबत समज दिली. मी सवयींबद्दल विचारलं. डग मान कलती करून, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "काही लोकांना वेगळ्या ट्रॅफिकची सवय असते, डिअर."

समज मला कोणी दिलीच नव्हती. ती थेट कागदावरच दिली होती. मी सही केली. चौथी.

त्याच शनिवारी इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, एका चर्चच्या बेसमेंटमध्ये. तिथे काका भेटले. काका म्हणजे इथल्या मराठी लोकांतले सर्वांत जुने. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून आले, आता निवृत्त. नव्या माणसाने नोकरी, घर, शाळा कशाबद्दलही आधी काकांना विचारायचं, असा रिवाज आहे. मी गाडीचं सांगितलं.

"चाकाखाली लिंबं ठेवली होतीस ना?" काका म्हणाले. आजूबाजूचे हसले.

"ठेवली होती. सेल्समनने फोटोही काढला."

"मग झालं तर." हसू ओसरल्यावर ते गंभीर झाले. "अगं, ही माणसं प्रामाणिक असतात. आपल्यासारखी नाहीत. तुझं सांगण्यात काहीतरी चुकत असेल. मला इथे पन्नास वर्षं होतील, एकदाही कोणाची तक्रार केली नाही. आपल्या लोकांचं नाव राहिलंय ते उगाच नाही."

पन्नास वर्षांत एकही तक्रार नाही. हे त्यांनी पदक दाखवावं तसं सांगितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. पन्नास वर्षांत या माणसाला एकही नादुरुस्त वस्तू मिळाली नसेल, कोणी त्याचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारलं नसेल, रांगेत कोणी त्याच्या पुढे घुसलं नसेल? झालं असणारच सगळं. त्यांनी त्यावर सह्या केल्या आणि त्या सह्यांना अब्रू म्हटलं.

"गोड बोलावं गं," म्हणत त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो नॅपकिनमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवला आणि निघाले.

सोमवारी मी वकिलांच्या मोफत सल्ल्याच्या फोनवर बोलले. फोनवरची बाई चटपटीत होती. अशा गाडीला इथे लेमन म्हणतात, ती म्हणाली, आणि लेमनचा वेगळा कायदा आपल्या प्रांतात नाही. एक प्रांत ओलांडून क्यूबेकमध्ये आहे. पण हात बांधलेले नाहीत. विकलेला माल कामाचा असावा आणि वाजवी काळ टिकावा, हे आपल्या ग्राहक कायद्यात आहे. स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय उभं राहता येतं. "मात्र एकच दोष पुन्हा पुन्हा दाखवला आणि त्यांना तो काढता आला नाही, हे तुम्हाला दाखवावं लागेल," ती म्हणाली. "तुमचे कागद काय सांगतात?"

मी कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. ब्रेक. बॅटरी. सॉफ्टवेअर. बाईच्या सवयी.

चार कागद, चार वेगळ्या तक्रारी. यातून कोणीही एकच दोष वाचला नसता. मीही नसता वाचला. गाडी चौदा वेळा बंद पडली होती. माझ्या डायरीत दिवस आणि रस्ता लिहिलेला होता. कागदावर मात्र एक गोंधळलेली बाई होती, जिला दर महिन्याला नवं काहीतरी खुपत होतं. आणि त्या बाईच्या चारही हकिकतींखाली माझी सही होती. त्यांनी खोटं लिहिलं होतं. छापायला मंजुरी मी दिली होती.

त्या टेबलापाशी मला रडू आलं नाही. स्वतःची किळस आली. ती जास्त उपयोगी पडली.

पाचव्या खेपेला मी वाक्य घरून लिहून नेलं. चालत्या गाडीचे इंजिन सूचना न देता बंद पडते. याच दोषासाठी ही पाचवी भेट. मी कागद डगसमोर ठेवला. त्याने वाचला आणि टाइप केलं : ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी अधूनमधून थांबते.

"नो," मी म्हणाले.

"आम्ही असंच लिहितो."

"मी अशावर सही करत नाही."

त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे चार माणसं होती. "लोक वाट बघतायत, डिअर."

"येस," मी म्हणाले. आणि उभी राहिले.

मागून कोणीतरी उसासा टाकला. कोणीतरी "जीझस" म्हणालं. मी हसले नाही. ही गोष्ट लहान वाटेल. या देशात आल्यापासून कोणाच्या तरी सोयीसाठी मी हसले नाही, असा तो पहिला दिवस होता.

डगने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर माझा कागद वाचून म्हणाला, "जस्ट टाइप इट." डगने टाइप केलं. एका अक्षरात चूक होती. ती मी दुरुस्त करून घेतली. मग सही केली.

घरी येऊन आधीच्या चार कागदांना एक शुद्धिपत्र लिहिलं. दैनिकात लिहायचे तसंच : काय छापलं, काय हवं होतं. ते रजिस्टर्ड पोस्टाने शोरूमला पाठवलं, प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीला. पाचव्या खेपेलाही दोष सापडला नाही. मी कोर्टात दावा लावला.

दाव्याची नोटीस पोचल्यावर मॅनेजरचा सूर बदलला. गाडी परत घेऊ, दुसरी देऊ, म्हणाला. फक्त एका कागदावर सही. त्यात लिहिलं होतं की गाडीत कोणताही दोष आढळला नाही आणि मी याबद्दल कुठेही बोलणार नाही.

"या गाडीचं पुढे काय कराल?" मी विचारलं.

"दॅट्स नॉट युअर कन्सर्न."

काय करतील, ते त्याच्या खिडकीतून दिसत होतं. बाहेर वापरलेल्या गाड्यांची रांग होती आणि एक तरुण मुलगी, बहुधा नर्सिंगची विद्यार्थिनी, हिंदीत फोनवर बोलत एका गाडीच्या काचेतून आत डोकावत होती. दोन महिन्यांनी ती माझी गाडी घेऊन डगसमोर उभी राहील. तिच्याही इंग्रजीत इंजिन राहून जाईल. पाच माणसं हसतील. आणि फाइलमध्ये माझी सही असेल, की गाडीत दोष नव्हता.

काकांना कुठूनतरी कळलं. फोन आला. "सही करून मोकळी हो गं. सोन्यासारखी नवी गाडी देतायत. कशाला ताणतेस?"

"काका, त्यात लिहिलंय ते खोटं आहे."

"सगळेच लिहितात तसं."

"हो. आणि तुम्ही सह्या करता."

त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून मंडळाची आमंत्रणं येत नाहीत. बेसमेंटमधला चहा तसाही पाणचट असायचा.

गाडी दारात उभी आहे. सुनावणी व्हायची आहे. मी बसने जाते. सहापैकी दोन घरं उरली आहेत, बसच्या वाटेवरची. मार्ज त्यात नाही. तिच्या पाठीला आता दुसरं कोणी साबण लावतं. दावा मी हरू शकते, हे मला ठाऊक आहे. आधीच्या चार सह्या मला नडणार आहेत, आणि त्या माझ्याच आहेत.

पण पुढचं काउंटर येईल. बँकेचं, शाळेचं, कोर्टाचं. पलीकडचा माणूस माझं वाक्य स्वतःच्या सोयीचं करून माझ्यापुढे सरकवेल आणि माझ्या खांद्यावरून मागे बघेल. मी पूर्ण वाचीन. चूक असेल तर परत सरकवीन. दहा वेळा लागलं तर दहा वेळा. मागे रांग असेल.

ती थांबेल. थांबते ती रांग. बंद पडते ती गाडी.