कॉफीवाली हौसाक्का

बारामतीच्या कन्याशाळेत बदलून आले त्याच आठवड्यात हौसाक्काने माझा पाणउतारा केला आणि त्यासाठी तिला फक्त एक पेला गार पाणी लागलं. तिच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली होती. ओटा आमचा सामाईक. सकाळी उठते तो सगळीकडे काहीतरी भाजल्याचा वास. चौकशी केली तर हौसाक्का म्हणाली, कॉफी भाजते आहे. मी पुण्याची. म्हटलं, "आमच्याकडे चांगल्या दुकानातली तयार पूड मिळते. डबा आणलाय मी येताना." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणा बघू."

मी ऐटीत डबा आणला. तिने पेल्यात गार पाणी घेतलं, माझ्या पुडीतली चिमूट वरून सोडली आणि हात पुसून बसली. बघता बघता चिमटीतलं बरंचसं तळाला गेलं आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा ओढत गेलं. मग तिने स्वतःच्या डब्यातली चिमूट दुसऱ्या पेल्यात टाकली. ती वरच तरंगत राहिली. "तरंगली ती कॉफी," हौसाक्का म्हणाली. "बुडाली ती चिकोरी, न्हायतर चिंचोका, न्हायतर खजुराची बी. तुमी काय पीत व्हता ते दुकानदारालाच ठावं." मला राग आला. खरं तर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने न विचारता माझ्या दारात कपबशी ठेवली, आणि ती प्यायल्यावर रागावून राहणं शक्यच नव्हतं.

हौसाक्का मूळची इंदापूरकडच्या एका बागायती गावातली. नवरा पलटणीत होता. त्याच्याबरोबर ती आठ-नऊ वर्षं बंगळूरला शिपायांच्या लाइनीत राहिली, आणि तिथल्या शेजारणीकडून कॉफी भाजायला शिकली. नवरा वारला तेव्हा ती बारामतीला आली. बरोबर लांब दांड्याचा लोखंडी तवा, फळीवर ठोकलेलं दळायचं हातयंत्र आणि कानडीतल्या चार शिव्या. हिरव्या बिया ती पुण्याहून मागवायची. दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीने पार्सल यायचं. चहाच्या मुलखात कॉफी विकायची म्हणजे वेडेपणाच. पण ती म्हणायची, "आंब्याच्या गावात चिंच विकली जाती का न्हाई? चांगली असली की जाती."

गिऱ्हाइकांपेक्षा तिच्याकडे प्रश्न विचारणारे जास्त यायचे. तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही. "इचारा, इचारायला पैसं पडत न्हाईत," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी विचारायचं, अक्का, कॉफी उष्ण का थंड? ती म्हणायची, "चुलीवरनं उतरली की उष्ण, इसरली की थंड." किती दिवस टिकते असं विचारलं की बोटांवर मोजून सांगायची, "भाजल्याली आठवडाभर, दळल्याली दोन दीस, उकळल्याली तवाच्या तवा." एखादीने पदराआडून विचारलं, की दिवस गेलेत, प्यावी का, तर हौसाक्का आवाज खाली आणायची. "सकाळी अर्धा कप घे, जास्त नगं. छातीत धडधडाय लागलं, झोप उडाली, तर सोड आन जुंधळ्याची पी."

ही जुंधळ्याची म्हणजे ज्वारीची कॉफी. ज्वारी काळपट होईपर्यंत भाजायची, जाडसर दळायची, गूळ, सुंठ आणि जायफळ घालून उकळायची. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, लेकरांना ती तीच द्यायची. चव बरी लागायची. पण तिला कुणी चुकून "कॉफी" म्हटलं की हौसाक्का लगेच दुरुस्त करायची. "जुंधळा हाय त्यो. चिकोरी म्हंजे काय इख न्हाय, जुंधळा बी इख न्हाय. खुशाल घाला. पर घालायची चिकोरी आन म्हणायचं कॉफी, ह्ये मला चालायचं न्हाय." पेठेतला एक वाणी तिला म्हणाला होता, अक्का, निम्मा चिंचोका घातला तर कोण बघतंय? तिने त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर पेला मागवला. त्यानंतर तो वाणी तिला लांबूनच नमस्कार करायचा.

त्या वर्षी आमच्या टापूत एक नवा साखर कारखाना उभा राहत होता. शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केलेलं, जो तो आपल्या घरचं लग्न असल्यासारखा धावत होता. संचालकांपैकी एक तात्या आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. पन्नाशीचे, बागायतदार, फेटा नेहमी परीटघडीचा. त्यांना हौसाक्काची कॉफी आवडायची. एक दिवस येऊन म्हणाले, "अक्का, गळिताला सुरुवात म्हणून गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी सगळ्यांना तुमची कॉफी. पावणे खूश झाले तर कॅन्टीनचं काम तुमालाच देतो म्हना." हौसाक्काला त्या रात्री झोप लागली नसावी, कारण सकाळी ती मला कॅन्टीनच्या पत्र्याच्या शेडचा नकाशा काठीने मातीत काढून दाखवत होती. शेजारच्या दोन विधवा बायकांना ती कामाला घेणार होती, त्यांना सांगूनही झालं होतं. होतं नव्हतं ते घालून तिने बियांचं मोठं पोतं मागवलं.

स्टेशनवरून पोतं आणायला तिचा भाचा सोपान बैलगाडी घेऊन गेला. पंचविशीतला, लग्न झालेला, कामाला वाघ. तीन दिवस हौसाक्का भाजत होती. मोळीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा घाणा उतरला. तिने रिकामी गोणी झटकली आणि घडी घालणार, तेवढ्यात शिवणीतून काहीतरी ओट्यावर पडलं. तिने ते उचलून उन्हात धरलं. उसाचा सुकलेला डोळा होता, ऊस जिथून फुटतो तो. मला त्यात काहीच वाटलं नाही. गोणी म्हटलं की कचरा असायचाच. हौसाक्का मात्र खाली बसली.

"सोपान, ही गोणी पुण्याची न्हाय," ती म्हणाली.

सोपान म्हणाला, "व्हय मावशे. पुण्याची ठेसनावरच उसवली. बिया सांडाय लागल्या, म्हणून गाडीतल्या गोणीत भरल्या. धुतल्याली हाय की."

"हिच्यातनं काय नेलं व्हतंस?"

"बेणं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. उसाच्या लागणीच्या कांड्यांना बेणं म्हणतात. बेणं कुजू नये म्हणून ते विषारी औषधात बुडवून लावायची पद्धत तेव्हा नव्याने आली होती. शेतकी खात्याचे लोक बजावून सांगायचे, हात साबणाने धुवा, पिंप घरात नेऊ नका. पिंपाचं सगळ्यांनी ऐकलं. गोणीचं कुणी सांगितलं नाही आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे गोणी टाकून देणं म्हणजे पाप. ती पाटात बुचकळायची, वाळवायची, मग तीच धान्याला, तीच पावसात डोक्यावर खोळीला, तीच वासराच्या अंगावर.

मी पुढे जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "अक्का, धुतलेली होती ना? आणि बिया एवढ्या भाजल्यात. काय राहिलं असणार त्यात?" मी शिकलेली बाई, मुलींना आरोग्याचा धडा शिकवणारी. पण मला ती शेड दिसत होती, त्या दोन बायका दिसत होत्या.

"तुमाला ठावं हाय का, काय ऱ्हायलं ते?" हौसाक्काने विचारलं.

"नाही."

"मला बी न्हाय. ठावं न्हाय ते मी लोकांस्नी पाजायची न्हाय."

सोपान रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं, पण कुदळही हातात दिली. परसात कमरेएवढा खड्डा खणून तीन दिवसांची कॉफी त्यात ओतली, गोणी वर टाकली. तव्यात ती भाजली होती म्हणून तवाही गेला, यंत्रात थोडी दळली होती म्हणून यंत्रही गेलं. बंगळूरचं यंत्र होतं ते. मला वाटलं, आता ती रडेल. तिने त्यावर चुन्याच्या दोन पाट्या उपड्या केल्या. "नुसती टाकली तर कोनीतरी उकरून नेतंय," ती म्हणाली. "गरिबाला वास चांगला आला की झालं." आणि खरंच, माती लोटत होतो तेव्हा गल्लीतली एक बाई येऊन म्हणाली, टाकताय कशाला, आमाला द्या की.

मग हौसाक्काने कणगीचं तोंड उघडलं. आधी खांद्यापर्यंत हात घालून आतली ज्वारी हुंगली, चावून पाहिली, कुठून कशातून आली ते आठवून पाहिलं. ती तिच्या भावाने तरटाच्या कोऱ्या पोत्यातून दिलेली होती. शेजारणींचे तवे मागून आणले आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही पाचजणी ज्वारी भाजत आणि जात्यावर भरडत होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर मांडव भरून माणसं. पूजा चालली होती, गव्हाणीजवळ उसाची पहिली मोळी हार घालून ठेवलेली. हौसाक्काने प्रत्येकाच्या हातात कप देताना एकच वाक्य म्हटलं, "कॉफी न्हाय, जुंधळा हाय." तात्यांच्या कानावर ते गेलं. ते लगबगीने आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का, काय ह्ये? मंगल दिवस, मुंबईचं पावणं, आन तुमी जुंधळ्याचं पानी पाजताय? आन वर ओरडून सांगताय?"

हौसाक्काने आवाज दबका ठेवला नाही. "तात्या, कॉफी बेण्याच्या गोणीतनं आली व्हती. म्हणून पुरली."

जवळचे चार-पाच शेतकरी कप हातात धरून ऐकत होते. त्यातला एक उंच माणूस म्हणाला, "अक्का, धुतल्याली गोणी बी चालत न्हाय का?"

"मला ठावं न्हाय. म्हणून म्या पुरली."

तो माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "आमच्या घरचा जुंधळा तसल्याच दोन गोण्यांत हाय." शेजाऱ्याने कप खाली ठेवला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडे चालू लागला. उंच माणूस त्याच्यामागे गेला. मग तिसरा. कुणी गलका केला नाही. एकाने दुसऱ्याच्या कानात सांगावं, त्याने उठावं, असं चाललं होतं. गव्हाणीत मोळी पडली तेव्हा टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेतले पाहुणे तेवढे उरले होते. ज्यांचा ऊस आणि ज्यांचा कारखाना, त्यातले निम्मेअधिक घरच्या वाटेला लागले होते. तात्यांचा चेहरा मी पाहिला, आणि शेड काही आता होत नाही हे मला तिथेच कळलं.

झालंही तसंच. कॅन्टीनचं काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं आणि तिथे चहा सुरू झाला. त्या दोन बायकांना हौसाक्काने स्वतः घरी जाऊन सांगितलं. दुसरा तवा घेतला, यंत्र मात्र दोन वर्षं मिळालं नाही, तोवर ती खलबत्त्यात कुटत होती. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ती तशीच राहिली, तेवढ्याच ओट्यावर. मी तिला एकदा विचारलं होतं, की वाईट नाही का वाटत? "वाटतंय की," ती म्हणाली. "वाटू दे. वाईट वाटल्यानं मानूस मरत न्हाय."

मला ती आठवते ती मात्र मोळीनंतरच्या आठवड्यातली. सकाळी तात्या एकटेच आले, फेटा न बांधता. ओट्याच्या कडेला टेकले.

"अक्का, कॅन्टीनचं न्हाय जमलं."

"कळलं मला. तुमच्या घरी गोण्या निघाल्या का?"

"निघाल्या. तीन. गव्हाच्या." तात्या पुढे म्हणाले, "नातवंडं त्यातलंच खात हुती. समदा गहू खड्ड्यात घातला."

"आन गोण्या?"

तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "धुऊन वाळत घातल्यात."

हौसाक्काने चुलीवर चढवलेलं आधण खाली उतरवलं. "तात्या, आधी त्या पुरून या. जाळू नगा, धूर बी नगं. आन गड्याला सांगू नगा, गडी घरी नेतंय. सोताच्या हातानं पुरा. मग कॉफी."

मी खिडकीत उभी होते. कारखान्याचा संचालक, चारशे माणसांच्या सभेत बोलणारा माणूस. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि कोपऱ्यात उभी केलेली तिची कुदळ खांद्यावर घेऊन, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत, आपल्या घराकडे चालू लागले.